आजारी ठेवलेलं वावर

करमाडला जालन्याच्या सडकेला लागून वच्छलाबाईचं एक वावर होतं, आणि ते वावर मुद्दाम आजारी ठेवलेलं होतं. लोक जमिनीत खत घालतात, तळ्यातला गाळ घालतात. हिच्या वावरात रोग घालायचे. आसपास कुठं कपाशीला मर लागली, म्हणजे पायात ओल असूनही उभी झाडं माना टाकून वाळली, की सरकारी गाडी ती मेलेली पऱ्हाटी भरून करमाडला आणायची आणि नांगराबरोबर वच्छलाबाईच्या मातीत गाडून टाकायची. शेजारपाजारचे हसायचे. म्हणायचे, जगाला कापूस पिकतो, हिला रोग पिकतो. वच्छलाबाई त्यांच्याकडं ढुंकूनसुद्धा बघायची नाय. कारण ते डोकं तिच्या भावाचं होतं.

भावाचं नाव बन्सी. हा बन्सी कसा वाढला ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची आग तुम्हाला कळायची नाय. पोलीस ॲक्शनच्या साली यांचा बाप गेला. आई त्याच्या आधीच गेलेली. वच्छलाबाई तेव्हा नवी नवरी, करमाडच्या सूर्यभानच्या घरात आलेली. मेंढरं राखणारं घर. हातातली हळद उतरली नाय तोवर तिनं माहेराला कुलूप लावलं आणि भावाचं बोट धरून त्याला सासरी आणलं. सासूनं तोंड वाकडं केलं. सूर्यभान मात्र सरळ गडी. त्यानं पोराला मेंढरामागं धाडलं नाय, औरंगाबादच्या बोर्डिंगात धाडलं, आणि पुढं परभणीच्या शेतकी कॉलेजात. कोकरं विकली, लोकर विकली, स्वतः फाटकी घोंगडी पांघरली, पण मेव्हण्याला फाटका सदरा घालू दिला नाय.

बन्सी शिकला, आणि हर्सूलच्या रस्त्याला कपाशीचं सरकारी केंद्र होतं तिथं साहेब झाला. साहेब झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात बहिणीकडं आला. जेवला, हात धुतला, आणि म्हणाला, आक्का, मला तुझं सडकेकडचं वावर पाहिजे.

आता ते वावर म्हणजे काय होतं बघा. सात पिढ्या दुसऱ्यांच्या शिवारात मेंढरं बसवत हिंडलेलं घर. कूळकायदा आला तेव्हा पहिल्यांदा सूर्यभानच्या नावानं माती लागली. पहिल्या दिवशी तो त्या वावरात नुसता बसून राहिला होता, काही न करता, संध्याकाळपर्यंत. असलं ते वावर. आणि बन्सी सांगत होता, त्यात रोग घालायचा. गावरान कपाशी मरीनं गावंच्या गावं बसते आहे, आक्का. औषध नाही. एकच उपाय, मातीच इतकी रोगट करायची की त्यात हजार झाडं मरावीत आणि एखादंच जगावं. त्या जगलेल्याचं बी धरायचं, दुसऱ्या चांगल्या झाडाशी त्याचा संकर करायचा, पुन्हा त्याच मातीत पेरायचं, पुन्हा मरू द्यायचं. असं करत करत मर सोसणारं आणि दसऱ्यानंतरचं ऊन सोसणारं वाण हाताला लागेल. केंद्राच्या जमिनीत रोग घालायला वरचे लोक तयार नाहीत. दुसरा कोणता शेतकरी असलं मागणं ऐकून घेईल?

सूर्यभाननं विचारलं, "ह्यात आपल्या मेंढरांना काही नाही ना?"

मेंढरांचा वाडा वावराच्या बांधालाच होता, म्हणून त्यानं विचारलं. बन्सी म्हणाला, "माणसाला नाही, जनावराला नाही. हा रोग फक्त कपाशीला होतो, दाजी." आणि ते खरंच होतं. त्या पोराचं कसब असं, की त्या दिवशी त्यानं तोंडातून एक शब्द खोटा काढला नाय. मग बहिणीकडं वळून म्हणाला, "आक्का, वाण तयार झालं की पहिलं बी तुझ्या पदरात टाकीन. मग दुनियेला." वच्छलाबाईनं तिथंच वावर देऊन टाकलं. नवऱ्याला विचारल्यासारखं केलं, एवढंच.

मग काय, रोगाचा संसार सुरू झाला. बन्सी येऊन राहायचा, आणि संध्याकाळी भाऊबहीण वावरात उतरायची. सकाळी उमलायची ती कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, नखानं तिचं पांघरूण सोलायचं, आतले परागाचे दाणे काढून टाकायचे आणि वर कागदाची टोपी चढवायची. सकाळी टोपी काढून दुसऱ्या झाडाचं फूल तिच्यावर फिरवायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. वच्छलाबाईच्या नखाला ते चांगलं जमलं. कपाशीची लग्नं लावते म्हणून ती स्वतःच स्वतःला हसायची. आणि आश्विनात, ऊन पाठ सोलून काढायचं तेव्हा, ती तिनं लावलेली लग्नं ओळीनं मरताना बघायची. बन्सी म्हणायचा, मरू दे आक्का, मरतात म्हणूनच कळतं. ती मान डोलवायची. भाऊ बोलला म्हणजे झालं.

आता मेंढरांचं ऐका, सगळं घोडं तिथंच पेंड खातं. कापसाची शेवटची वेचणी झाली की उभ्या पऱ्हाटीवर पाला राहतो, वाळली बोंडं राहतात. मेंढरू ते आवडीनं खातं. सूर्यभानची मेंढरं पहिली उतरायची ती बांधाशेजारच्या ह्याच आजारी वावरात. तिथं पोट भरलं की उन्हाळाभर गावातल्या एकेकाच्या रानात जाळी लावून रात्रीला बसायची. मेंढरं बसली की लेंड्या आणि मूत मातीत मुरायचं, जमीन वर्षभर धष्टपुष्ट राहायची, आणि शेतकरी त्याबद्दल सूर्यभानला धान्य द्यायचा. सूर्यभानची मेंढरं आधी आपल्या रानात बसावीत म्हणून माणसं होळीच्या आधीच सांगून ठेवायची. त्या घराला मान होता तो ह्याच गोष्टीचा. वाटेनं जाताना म्हातारीकोतारी म्हणायची, ह्यांची मेंढरं जिथं बसतात तिथं लक्ष्मी बसते. आणि बन्सी बांधावर उभा राहून मेंढरं त्या पऱ्हाटीत चरताना बघायचा. एखादं कोकरू उचलून घ्यायचा, त्याच्या कानामागं खाजवायचा. तोंडातून चकार शब्द नाय.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग रामकिसनच्या वावरात मर लागली.

रामकिसन गावातला बऱ्यापैकी शेतकरी, तोंडानं फटकळ, पोटात काही न ठेवणारा. त्याच्या कपाशीनं आश्विनात धडाधड माना टाकल्या. पुढच्या साली आणखी दोघांच्या रानात तेच. सगळी रानं अशी, की जिथं सूर्यभानची मेंढरं बसली होती. माणसं एकमेकांकडं बघायला लागली, पण बोलायचं कसं? शेवटी रामकिसननंच तोंड उघडलं. खंडोबाच्या ठाण्यापुढच्या पारावर सगळे बसलेले असताना म्हणाला, सूर्यभान, वाईट वाटून घेऊ नको, पण तुझी मेंढरं त्या रोगट वावरात चरतात आणि मग आमच्याकडं येतात. आम्हाला शंका आहे. तू बेल-भंडारा उचल आणि सांग, माझ्या मेंढरांनी रोग आणला नाय. आम्ही परत विचारणार नाय.

बेल-भंडारा उचलणं म्हणजे गंमत नव्हे. खंडोबाची हळद आणि बेलाचं पान मुठीत घेऊन जे बोललं ते बोललं. खोटं बोलला तर त्याचा वंश, त्याची मेंढरं, त्याचं सगळं देवाच्या हवाली. सूर्यभान तसाच घरी आला आणि खांबाला टेकून बसला. मेंढराच्या पोटात काय चालतं ते मला कुठं दिसतंय, म्हणाला. नेमका बन्सी आलेला होता. वच्छलाबाईनं त्यालाच विचारलं, मेंढरातनं रोग जातो का रे?

बन्सी पाणी पीत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "नाही आक्का. दाजी, खुशाल उचला."

तरी सूर्यभानचा पाय निघत नव्हता. उद्या उचलतो, परवा उचलतो, असं चाललेलं. आणि इथं वच्छलाबाई तडकली. म्हणाली, माझा भाऊ सरकारात साहेब आहे, जन्म कपाशीत घालवतोय, आणि त्याच्या शब्दावर तुमचा विश्वास नाय? त्याला ह्या घरातून ताट गेलंय. तो तुम्हाला खोट्यात पाडील? नवऱ्याच्या हाताला धरूनच ती पारावर घेऊन गेली. सूर्यभाननं आंघोळ केली होती, डोक्याला फेटा बांधला होता. त्यानं मूठ भरली आणि गावासमोर सांगितलं, माझ्या मेंढरांनी रोग आणला नाय. बोलताना त्यानं डोळे मिटून घेतले होते, पण ते देवाच्या धाकानं, असं सगळ्यांना वाटलं.

रामकिसन असा माणूस, की त्यानं लगेच सगळ्यांसमोर माफी मागितली. आणि नुसत्या तोंडानं नाय. माझ्या मनातलं किल्मिष गेलं हे गावाला दिसू दे म्हणून त्यानं त्याच उन्हाळ्यात आपल्या दुसऱ्या, ओढ्याकाठच्या चांगल्या वावरात सूर्यभानची मेंढरं बोलावून बसवली. पुढच्या दोन सालांत ते वावरही मरीनं गेलं. तेव्हा मात्र तो काही बोलला नाय. भंडारा उचललेला होता ना. मग दोष कुणाचा? आपल्या नशिबाचा, मातीचा, गेल्या जन्माचा. गावानं सूर्यभानला एक शब्द विचारला नाय. फक्त होळीच्या आधी मेंढरं सांगून ठेवायला येणारी माणसं हळूहळू येईनाशी झाली. सूर्यभान उन्हाळ्यात लांबलांबच्या शिवारात जायला लागला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

आणि बन्सी? बन्सी रामकिसनच्या त्या मेलेल्या वावरांत हिंडायचा. एकदा ओढ्याकाठच्या वावरात, सगळं वाळून कोळसा झालेलं असताना, एक झाड हिरवंगार उभं सापडलं, बोंडांनी लगडलेलं. बन्सीनं रामकिसनला मिठी मारली. झाडाला फडकं बांधलं, बोंडं स्वतः वेचली. त्या झाडाचा वच्छलाबाईच्या वावरातल्या जगल्या-वाचल्या झाडांशी संकर केला, आणि चार-पाच पावसाळ्यांनंतर त्याचं वाण झालं. मर सोसतं, ऊन सोसतं, पात्या म्हणजे कोवळ्या कळ्या गाळत नाही. केंद्रात हार-तुरे झाले. वाणाला नाव द्यायचं ठरलं तेव्हा बन्सीनं सांगितलं, वच्छला.

हे कळलं त्या दिवशी वच्छलाबाई चुलीपुढं बसून रडली. सुखानं रडली हो. पदर तोंडाला लावून म्हणत राहिली, माझ्या पोरक्या भावानं माझं नाव शिवारात पेरलं. सूर्यभानसुद्धा कितीतरी वर्षांनी मोकळा हसला. दिवाळीनंतर करमाडच्या पारावर केंद्राचे लोक येणार होते, आणि गावकऱ्यांना पहिलं बी वच्छलाबाईच्या हातून द्यायचं होतं.

दिवाळी तोंडावर आली तशी ती भावाला भाऊबिजेचं बोलावणं करायला म्हणून औरंगाबादला गेली. शहागंजात काजळ, करगोटा असलं किरकोळ घेतलं आणि चालत हर्सूलच्या रस्त्याला केंद्रावर गेली. बन्सी कुठं दौऱ्यावर गेलेला. बियाणं वाळवायच्या खळ्यावर निजामुद्दीन होता. हा निजामाच्या राज्यापासूनचा तिथला माणूस, बियाण्याचा कारभारी. राज्य गेलं, त्याचे भाऊबंद कुणी हैदराबादला गेले कुणी आणखी कुठं, हा मात्र सरकीच्या पोत्यांपाशीच राहिला. आता पेन्शनीला आलेला. बन्सीला कपाशीतलं पहिलं अक्षर ह्यानंच शिकवलेलं. वच्छलाबाईला बघून त्याला कोण आनंद झाला. बाज टाकली, चहा मागवला, आणि मुठीत सरकी घेऊन तिच्या तळहातावर ठेवली. हे बघा बाई, तुमच्या नावाचं बी.

तिनं ते बी डोळ्याला लावलं. म्हातारा बोलत राहिला. सगळे बन्सीचं नाव घेतात, बाई, पण मला विचाराल तर खरी कुर्बानी तुमच्या घराची. मेंढरांचं घर, आणि इतकी वर्षं बांधालगतच्या वावरात मेंढरू घातलं नाय. दारापुढचा चारा सोडायचा म्हणजे काय, आम्हाला समजतं.

वच्छलाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. तिनं विचारलं, "मेंढरू घातलं तर काय झालं असतं, चाचा?"

"अरे, गजब झाला असता. त्या पऱ्हाटीचा पाला मेंढरानं खाल्ला की बीमारी त्याच्या लेंडीतनं जाती. खुराच्या मातीतनं जाती. जिथं बसलं तिथं गेली. मैं तो बन्सीला पहिलेच बोला था, त्या रानात जनावर नक्को, मेंढरू तो बिलकुल नक्को. तो बोलला, चाचा, आक्काला सांगितलंय, तिनं मान्य केलंय."

"पहिलेच म्हणजे कधी?"

"हौ, वावर घेण्याच्या पहिले."

तिनं चहा संपवला. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून संपवला. त्याला काही सांगितलं नाय, नुसतं येते म्हणाली आणि उठली. बी तिथंच बाजेवर ठेवलं. म्हातारा मागून हाक मारत राहिला, बाई, बी राहिलं तुमचं.

एसटीत बसल्यावर तिला जे आठवायला लागलं ते थांबेना. बांधावर उभा राहून कोकराच्या कानामागं खाजवणारा बन्सी. तांब्या खाली ठेवून तोंड पुसणारा बन्सी. दाजी, खुशाल उचला. अरे, केसानं गळा कापणं म्हणतात ते ह्यालाच. दुसऱ्या कुणी कापला असता तर ती त्याच्या दारात जाऊन बोंबलली असती; पण ज्याच्या डोक्याचं जावळ हिनं काढलं, ज्याला काट्यात पाय गेला तर हिनं दातानं काटा काढला, त्याच्या दारात जाऊन काय बोंबलणार? एका शब्दाचा प्रश्न होता. आक्का, मेंढरं ह्या वावरात घालू नका. एवढंच. त्यानं ते सांगितलं नाय, कारण मेंढरं घालायची नाहीत म्हटल्यावर सूर्यभाननं वावर दिलं नसतं. आणि नंतर सांगितलं नाय, कारण रामकिसनची रानं मेली तसं ह्याला फुकटात आणखी आजारी वावरं मिळाली. मग ते फडकं बांधलेलं झाड आठवलं. वाणाची आई त्या वावरात सापडली होती, जे हिच्या नवऱ्याच्या खोट्या भंडाऱ्यानं मेलं.

खोटा भंडारा. हे दोन शब्द मनात जुळले आणि ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसली. सूर्यभाननं आयुष्यात एकच शपथ घेतली होती, आणि तीही हिनं हाताला धरून घ्यायला लावली होती.

गप्प बसावं, असंही तिच्या मनात आलं. का येऊ नये? गाव विसरलं होतं. नवऱ्याला रात्री झोप लागत होती. नवं बी येणार होतं, तेही हिच्या नावाचं. हिनं तोंड शिवलं असतं तर कुणाला कधी काही कळलं नसतं. ती तसं ठरवूनच घरात शिरली म्हणा ना. पण दारात सूर्यभान जाळी नीट करत बसलेला, आणि चेहरा उजळलेला. म्हणाला, रामकिसन आला होता. बाजरी निघाली, त्याचं वरच्या अंगाचं रान मोकळं झालंय. नवं बी पेरायच्या आधी त्यात आपली मेंढरं बसवून मागतोय. इतक्या वर्षांनी आला बघ, स्वतः होऊन आला. भाऊबीज झाली की हलवतो मेंढरं.

रामकिसनचं तेवढं एकच रान चांगलं उरलं होतं. वच्छलाबाईनं नवऱ्याच्या हातातल्या जाळीकडं बघितलं आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली. तिला कळलं की आता गप्प बसता येणार नाय. आणि हेही कळलं, की हे तिनं सांगून उपयोग नाय. तिनं सांगितलं तर सूर्यभान म्हणेल, म्हातारा चुकला असेल, बन्सी असं करणार नाय. असा तो माणूस. ज्यानं केलं त्याच्याच तोंडून निघायला पाहिजे होतं.

भाऊबिजेला बन्सी आला. भावजय माहेरी गेलेली, एकटाच आला. बहिणीला लुगडं आणलं होतं, दाजींना फेटा. घरात शिरतानाच पारावरच्या कार्यक्रमाचं बोलत होता, मांडव कुठं घालायचा, तू कुठं बसायचं. वच्छलाबाईनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. सूर्यभान उंबऱ्यात बसला होता, मांडीवर एक लंगडतं कोकरू घेऊन त्याचा खूर बघत. बन्सी पाटावर बसला, टोपी घातली.

वच्छलाबाईनं ताट आणलं. निरांजन होतं, सुपारी होती, अक्षता होत्या. कुंकवाच्या जागी मात्र भंडारा होता, आणि त्यावर बेलाचं पान.

बन्सी हसला. म्हणाला, आक्का, कुंकू विसरलीस.

"विसरले नाय," ती म्हणाली. "हा भंडारा उचल. आणि मेंढरातनं रोग जात नाही, असं म्हण. मग ओवाळते."

सूर्यभाननं कोकराचा खूर सोडला. बन्सीनं आधी बहिणीकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं, आणि मग त्यानं ते शिकलेल्या माणसाचं हसू तोंडावर आणलं. म्हणाला, हे काय खूळ? मी असलं काही मानत नाही, तुला ठाऊक आहे.

"मग तर सोपं हाय. मानत नाहीस तर उचल."

त्याचा हात निघाला. निघाला आणि ताटाच्या काठापाशी थांबला. हीच बोटं कळीतला पराग फुलाला न दुखवता काढायची, पण त्यांना चिमूटभर हळद उचलेना. वच्छलाबाई ताट धरून उभी राहिली. तिनं त्याला पुरेसा वेळ दिला. मनातल्या मनात ती खंडोबाला विनवत होती, उचलू दे रे ह्याला, म्हाताराच चुकलेला असू दे. हात मागं गेला आणि मांडीवर पडला.

सूर्यभान उंबऱ्यातून हे सगळं बघत होता.

मग बन्सी बोलायला लागला. भराभर बोलला. लेंडीतनं जातो, खुराच्या मातीतनं जातो, हे तेव्हा सांगितलं असतं तर दाजींनी वावर दिलं नसतं, आक्का. नसतंच दिलं. आणि मग हे वाण झालं नसतं. आता हेच बी रामकिसनच्या त्याच रानांत उभं राहील, बघशील तू. शंभर गावं वाचतील. त्यापुढं दोन-चार वावरं म्हणजे काय?

वच्छलाबाई म्हणाली, "त्या शंभर गावांना भंडारा उचलायला लावला नव्हतास तू. ह्यांना लावलास. पाणी पिता पिता लावलास."

बन्सीनं मान खाली घातली. म्हणाला, मला वाटलं नव्हतं तेवढ्याला येईल. आणि आलं तेव्हा उशीर झाला होता. बहुतेक तेही खरंच असेल. पण वच्छलाबाईला आता त्याच्या खऱ्याचा वीट आला होता.

सूर्यभाननं कोकरू खाली ठेवलं आणि उठला. कुणी ओरडेल, शिव्या देईल, असं ज्याला वाटत असेल त्यानं सूर्यभानला बघितलं नाय. त्यानं बन्सीनं आणलेला नवा फेटा बाजूला सारला आणि खुंटीवरचा जुना डोक्याला गुंडाळला. ताटातला भंडारा मुठीत घेतला. बायकोला म्हणाला, मी पारावर जाऊन येतो. तिनं ताट पाटाजवळ ठेवलं आणि त्याच्या मागं निघाली.

"आक्का," बन्सी म्हणाला, "ओवाळायचं राहिलं."

ती वळली नाय. "राहू दे," म्हणाली.

सणाचा दिवस म्हणून पारावर बरीच माणसं होती. रामकिसन विड्याचं पान लावत होता. सूर्यभान खंडोबापुढं उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मेंढरांचं, लेंडीचं, खुराच्या मातीचं. माझा भंडारा खोटा होता, म्हणाला. मला ठाऊक नव्हतं, पण खोटा होता. रामकिसन, तुझी दोन्ही रानं माझ्या मेंढरांनी घालवली. तिसऱ्यात मी बसवणार नाय. मेव्हण्याचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाय.

रामकिसनच्या हातातलं पान तसंच राहिलं. सूर्यभान मूठ आवळून उभा होता, घामानं हळद ओली होऊन बोटांच्या फटीतून पिवळी दिसत होती. शेवटी त्यानं एका म्हाताऱ्याला विचारलं, उचललेला भंडारा खाली कसा ठेवायचा असतो? म्हातारा दुसऱ्याकडं बघायला लागला, दुसरा तिसऱ्याकडं. उचलायची रीत सगळ्यांना पाठ होती. खाली ठेवायची कुणालाच माहीत नव्हती, कारण करमाडात आजवर कुणी ठेवलाच नव्हता.

वच्छलाबाई पुढं झाली. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि नवऱ्याच्या मुठीखाली पसरला. पहिलं बी ह्याच पदरात पडायचं होतं.

"हितं टाका," ती म्हणाली. "उचलायला मीच लावला होता."

सूर्यभाननं मूठ उघडली.